मासारिकचा प्रश्न आणि गिरणगावचं उत्तर

'शिक्षण वाढलं की श्रद्धा कमी होते' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कुणी ते अभिमानाने म्हणतं, कुणी हळहळत. पण त्याच्या पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. श्रद्धा कमी झाली असं धरून चालू. मग ती जे काम करत होती, ते आता कोण करतं? माणूस खचला की त्याला धरायचं, तो चुकला की त्याला अडवायचं, 'तू एकटा नाहीस' असं सांगायचं. हे काम कुणाकडे गेलं?

हा प्रश्न १८८१ साली एका चेक तत्त्वज्ञाने विचारला होता. त्याचं नाव टोमाश मासारिक. त्याने दिलेलं उत्तर मला अर्धवट पटतं. उरलेलं उत्तर मला वरळी, लालबाग, परळ, गिरगाव या आपल्याच भागाच्या इतिहासात सापडतं. या लेखात दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहायचं आहे.

लोहाराचा उमेदवार ते राष्ट्राध्यक्ष

मासारिकचा जन्म १८५० साली मोरावियातल्या होडोनीन गावी झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील बादशाही जमिनीवर गाडीवान. पोरगा हुशार, पण घरची परिस्थिती बेताची, म्हणून त्याला आधी कुलपं बनवणाऱ्याकडे आणि मग लोहाराकडे उमेदवारीला पाठवलं गेलं. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये फाइल घासून ज्यांच्या तळहाताला फोड आले, त्यांना हा तत्त्वज्ञ जवळचा वाटायला हरकत नाही.

पुढे तो व्हिएन्नाच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला, १८८२ पासून प्रागला प्राध्यापक झाला, आणि १९१८ साली चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश जन्माला आला तेव्हा त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९३५ पर्यंत तो त्या पदावर होता. माणूस हट्टी. चेक लोकांना ज्यांचा फार अभिमान होता अशी काही 'प्राचीन' हस्तलिखितं बनावट आहेत, हे १८८६ च्या सुमारास तो उघडपणे म्हणाला. १८९९ साली एका ज्यू तरुणावर धार्मिक विधीसाठी खून केल्याचा आरोप झाला, तेव्हा तो त्या तरुणाच्या बाजूने उभा राहिला. दोन्ही वेळा त्याने शिव्या खाल्ल्या. म्हणजे 'धर्म वाचवा' असं ओरडणाऱ्या कर्मठांपैकी तो नव्हता, हे आधीच लक्षात घ्यायला हवं.

त्याचं १८८१ चं पुस्तक जर्मन भाषेत आहे. विषय जड आहे: आधुनिक संस्कृतीत आत्महत्या हा समाजव्यापी प्रश्न का झाला? त्याने युरोपभरची आकडेवारी जमवली आणि एकेक कारण तपासायला घेतलं. हवामान, ऋतू, वय, लग्न, गरिबी, दारू, राजकारण. प्रत्येकाचा थोडा थोडा वाटा त्याला दिसला, पण मूळ कारण त्याने वेगळंच ठरवलं: धार्मिकतेचा ऱ्हास. जुन्या माणसाला जगाचा एक अख्खा नकाशा मिळत असे. जन्म का, दुःख का, मरण का, या सगळ्याची उत्तरं त्यात असत. नव्या माणसाचा तो नकाशा फाटला आणि दुसरा कुणी दिला नाही.

अर्धशिक्षण

इथे मासारिक एक शब्द वापरतो, त्याचं मराठी 'अर्धशिक्षण' असं करता येईल. याचा अर्थ कमी शिक्षण नाही. डिग्री पूर्ण असूनही शिक्षण अर्धं असू शकतं. डोकं धारदार होतं, पण मिळालेल्या ज्ञानाचं काय करायचं आणि आपण स्वतः कसं जगायचं, हे कोणी शिकवत नाही. ज्ञान वेगवेगळ्या कप्प्यांत पडून राहतं, त्यातून एक जीवनदृष्टी तयार होत नाही. असा माणूस जुन्या श्रद्धेला हसण्याइतका शिकलेला असतो, पण स्वतःच्या पायावर उभा राहण्याइतका शिकलेला नसतो.

हे वाचून मी थबकले, कारण हे वर्णन आपलंच आहे. आपल्याला बीमवर किती लोड आला की तो वाकेल, हे काढता येतं. माणसावर किती लोड आला की तो वाकेल, याचं सबमिशन कुठल्याच सेमिस्टरला नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'मॉरल सायन्स'चा तास असायचा. त्याची परीक्षा नव्हती, त्यामुळे दहावीला तो तास गणिताचा पोर्शन संपवायला जायचा. मासारिकला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, हेच तर मी लिहिलं आहे.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. 'परत चर्चमध्ये जा' असा त्याचा उपाय नव्हता. तो स्वतः कॅथलिक चर्च सोडून बाहेर पडला होता. चर्च वेगळं आणि धार्मिकता वेगळी असं तो मानायचा. विचाराला पटेल आणि आचरणात दिसेल अशी नवी धार्मिकता त्याला हवी होती.

गणित कुठे चुकतं?

मासारिकचा प्रश्न मोठा आहे, पण त्याच्या उत्तराला व्हायवामध्ये उभं केलं तर तीन अडचणी येतात.

पहिली अडचण मोजमापाची. त्या काळी जिथे चर्चचा धाक मोठा, तिथे घरचे लोक मृत्यूचं खरं कारण लपवत, कारण नाहीतर दफनाचीही पंचाईत होई. म्हणजे धार्मिक भागात आकडा कमी दिसण्याचं एक कारण नोंदणीतच असू शकतं. मोजपट्टीच वाकडी असेल, तर रीडिंगवर किती भरवसा ठेवायचा?

दुसरी अडचण एमिल दुर्खेमची. या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्याच्या मते माणसाला सावरणारी गोष्ट धर्मातली शिकवण नसून धर्मामुळे जमणारी माणसं ही आहे. कॅथलिक समाजाची वीण घट्ट, प्रोटेस्टंट समाजाची सैल, म्हणून आकड्यांत फरक. कुटुंबाची वीण घट्ट असेल तर तीही तेच काम करते.

तिसरी अडचण खुद्द मासारिकच्या देशाची. २०२१ च्या चेक जनगणनेत जवळजवळ निम्म्या लोकांनी 'धर्म नाही' असं लिहिलं आणि सुमारे ३० टक्के लोकांनी तो रकानाच मोकळा सोडला. जगातल्या सर्वांत कमी धार्मिक देशांत त्याची गणना होते. तरी तिथलं आत्महत्यांचं प्रमाण १९७० च्या सुमारास जेवढं होतं, त्यापेक्षा पुढच्या दशकांत बरंच खाली आलं. श्रद्धा काही परत आली नाही. म्हणजे नुसत्या श्रद्धेच्या चढ-उताराने हे गणित सुटत नाही.

आणि आपण? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या, त्यांत १३ हजारांहून अधिक विद्यार्थी होते. सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली. देवळं, दर्गे, चर्च भरून वाहणाऱ्या देशाची ही संख्या आहे. कारणांच्या तक्त्यात कौटुंबिक अडचणी आणि आजारपण हे दोन रकाने सर्वांत मोठे आहेत. अशा प्रत्येक घटनेमागे बहुधा एक नाही, अनेक कारणं गुंतलेली असतात. त्यामुळे 'देव मानला असता तर वाचला असता' असलं वाक्य कुणाच्याही बाबतीत बोलू नये. ते खोटं आहे आणि क्रूरही आहे.

गिरणगावात देव कमिटीवर आला

आता आपल्या भागात येऊ. मासारिकचा हिशोब खरा धरला, तर गिरणगावात श्रद्धा विरघळून जायला हवी होती. भोंगा, पाळी, यंत्र, गर्दी, गाव सुटलेलं. आधुनिक जीवनाचा सगळा मसाला इथे होता. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहू लागली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणी कामगारांची संख्या अडीच लाखांच्या घरात होती.

झालं उलटंच. श्रद्धा संपली नाही, तिने नोकरी बदलली.

आठवड्याच्या सुट्टीचंच पाहा. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक विचारांचे, जोतीराव फुल्यांचे सहकारी. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या मागणीमागचा एक युक्तिवाद असा सांगितला जातो की रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा त्या दिवशी कामगाराला मोकळीक हवी. म्हणजे आपण रविवारी दहापर्यंत झोपतो, त्यात जेजुरीच्या देवाचाही थोडा वाटा आहे!

कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकेका गावाच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं, खानावळीतलं जेवण, आणि गावाच्या नावाचं मंडळ. आजारी पडलेल्याला गावी पोचवणं, मयताचा खर्च, नव्या पोराला गिरणीत चिकटवणं ही सगळी कामं तिथेच व्हायची. भजनी मंडळ याच माणसांचं असायचं. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला. लालबागमध्ये १९३४ साली कोळी आणि छोट्या विक्रेत्यांनी बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून नवस केला होता, त्यातून आजचा 'लालबागचा राजा' आला. पोटापाण्याच्या प्रश्नातून उत्सव उभा राहिला. देव इथे आभाळातून खाली उतरला आणि कमिटीवर आला. त्याच्याबरोबर पावतीपुस्तक, मांडव आणि रात्रभर जागणारी पोरंही आली.

दुर्खेम हे बघून खूश झाला असता. पण इथेच थांबलं तर हा लेखही अर्धशिक्षित ठरेल. कारण या घट्ट विणीच्या बाहेर कोण होतं, हे सांगायचं राहिलं.

साचेखात्याचं दार

गिरणीतला सर्वांत चांगल्या पगाराचा विभाग साचेखाता, म्हणजे मागाचा. तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण तांत्रिक होतं आणि धार्मिकही. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर घ्यावं लागे. त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागणार, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र मँचेस्टरचं आणि विटाळ गावचा, असं ते मिश्रण होतं. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. तिची ठिणगी दलित पँथरच्या सभेच्या वेळी पडली. समोरासमोरच्या चाळींतली माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहिली.

म्हणून माणसांची वीण घट्ट आहे एवढं पुरत नाही. ती कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, हे विचारावंच लागतं.

तीन उत्तरं

मासारिकच्याच काळात आणि थोडं पुढे, आपल्याकडे या प्रश्नाला तीन उत्तरं दिली गेली.

पहिलं प्रार्थना समाजाचं. १८६७ साली मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर त्यात होते. एक ईश्वर, मूर्तिपूजा नाही, जातिभेद नाही, पण संतांचे अभंग मात्र हवेत. धर्म टाकायचा नाही, धुऊन घ्यायचा. मासारिकला हे बरंचसं पटलं असतं. हा समाज शिकलेल्या वर्गापुरताच राहिला हे खरं, पण त्यातूनच पुढे आलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' उभं केलं.

दुसरं गोपाळ गणेश आगरकरांचं. मासारिकचं पुस्तक आलं त्याच १८८१ साली 'केसरी' सुरू झाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर होते. वय पंचविशीचं. पुढे १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. नीती टिकायला देवाचा आधार लागत नाही, विवेक आणि माणसांचं सुख एवढं पुरे, असं ते मांडत राहिले. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९५ साली वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी ते गेले, तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. श्रद्धा नसलेला माणूस पोकळ होतो, या समजुतीला आगरकरांचं आयुष्यच उत्तर आहे. त्यांचं शिक्षण अर्धं नव्हतं. जे पटलं तेच जगायचं, हा कप्पा त्यांनी भरून घेतला होता.

तिसरं उत्तर बाबासाहेबांचं, आणि मला ते सर्वांत खोल वाटतं. १९३६ च्या मे महिन्याच्या शेवटी दादरजवळ नायगावला मुंबई इलाखा महार परिषद भरली. तिथलं त्यांचं भाषण 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. धर्मांतर का करायचं, हे त्यांनी अगदी व्यवहाराच्या भाषेत मांडलं. अन्यायाला तोंड द्यायला माणसाला बळ लागतं. मनुष्यबळ, द्रव्यबळ आणि मानसिक बळ. यांपैकी काहीच आपल्याजवळ नसेल, तर ज्या धर्मात आपली कुणाला पर्वा नाही तिथे राहून ते कुठून येणार? पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आला. इतर धर्मांत जी जागा देवाची, ती धम्मात नीतीची आहे, असं त्यात सांगितलं आहे.

मासारिकच्या शेजारी हे ठेवून पाहा. धर्म सुटला की माणूस कोसळतो, असं मासारिकच्या आकड्यांवरून वाटतं. पण वरळी, नायगाव, परळच्या चाळींतल्या हजारो कुटुंबांनी जुना धर्म सोडला आणि ती ताठ उभी राहिली. का? कारण ती एकेकटी बाहेर पडली नाहीत, सगळी मिळून पडली. रिकाम्या हातानेही पडली नाहीत. त्यांच्याजवळ नवा विचार होता, विहार होतं, शिक्षणाची ओढ होती आणि 'तू माणूस आहेस' हे सांगणारा आवाज होता. मासारिकच्या प्रश्नाला गिरणगावचं उत्तर हेच आहे असं मी समजते. श्रद्धा सुटल्याने माणूस तुटत नाही, तो एकटा सुटला तर तुटतो.

चाळ, टॉवर आणि होस्टेल

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर टॉवर आले. आता चाळींची पाळी आहे. इंग्रज सरकारने १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींपैकी १२१ एकट्या वरळीत होत्या. त्यांचा पुनर्विकास चालू आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये. यात रडण्यासारखं काही नाही. चार पिढ्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना चाळीच्या गोडव्याची गाणी ऐकवू नयेत. पण चाळीच्या गॅलरीत कुणाचं दार दोन दिवस उघडलं नाही, तर ते शेजाऱ्याला कळायचं. चाळीस मजली इमारतीत ते कळण्याची व्यवस्था मुद्दाम करावी लागेल.

आणि आपलं होस्टेल? आपला कॉरिडॉर म्हणजे चाळीची गॅलरीच. तरीही रिझल्टच्या दिवशी दारं आतून बंद होतात. ज्याला तीन केटी लागल्या तो मेसला येत नाही, आणि आपण समजतो की तो अभ्यास करतोय. होस्टेलचा गणपती आपण दणक्यात करतो, आंबेडकर जयंती करतो, ख्रिसमसला केक कापतो. प्रश्न इतकाच की दहा दिवसांचा मांडव उतरल्यावर वर्गणीच्या यादीतल्या किती नावांना आपण चेहऱ्याने ओळखतो? मराठी मीडियममधून आलेला, व्हायवाला इंग्रजीत अडखळणारा मुलगा, 'कोट्यातून आलाय' म्हणून जिच्या मागे कुजबुज होते ती मुलगी, काश्मीरहून किंवा ईशान्येकडून आलेला आणि कुणाच्याच ग्रुपमध्ये नसलेला; साचेखात्याचं दार आपल्याकडेही आहे, फक्त त्यावर पाटी नाही.

काय करता येईल? मला तीन साध्या गोष्टी सुचतात. एक, प्रत्येक मजल्यावर दोघांनी ठरवून घ्यावं की सलग दोन जेवणं न दिसलेल्याचं दार वाजवायचं. मेसच्या काकांना हे आपल्या आधी कळतं, त्यांनाही यात घ्यावं. दोन, सीनियर्सनी स्वतःच्या केटी लपवू नयेत. नापास होऊन सावरलेला माणूस समोर असणं हे कुठल्याही लेक्चरपेक्षा मोठं आहे. तीन, कुणी 'नको वाटतंय सगळं' म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नये, भाषण देऊ नये. बसून ऐकावं आणि त्याला एकटं न सोडता रेक्टर सरांना किंवा मॅडमना कळवावं. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मिळते, मराठीतही. हा नंबर प्रत्येक मजल्याच्या नोटीस बोर्डवर मेसच्या मेनूशेजारी लावावा. डॉक्टरकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे, आणि देवळात जाणं म्हणजे विज्ञानाशी गद्दारी नव्हे.

तुम्ही मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत उभे राहता, की शुक्रवारी नमाजाला जाता, की रविवारी चर्चला, की यांपैकी कुठेच नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आगरकरांसारखं कुठेही न जाता सुंदर जगता येतं. पण शिक्षण अर्धं ठेवून चालणार नाही. उरलेला अर्धा भाग सिलॅबसमध्ये यायची वाट पाहत बसलो, तर आपण पास होऊन निघून जाऊ. तो आपल्याच कॉरिडॉरमध्ये, एकमेकांकडून शिकायचा आहे.